मागच्या खोलीपर्यंत

त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत फारसं कुणाला सांगता आलं नसतं. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात तसा हा माणूस टेस्टर लावायचा, म्हणून मागे टेस्टर आणि तोंडावर काका. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं. आमच्या भागातली निम्मी घरं त्यांच्याच हातची. काम चोख, जीभ तिखट. दुसऱ्याने बांधलेला जॉइंट दिसला की म्हणायचे, "हा जॉइंट आहे की वेणी?" स्वतःच्या कामावर मात्र माशी बसू द्यायचे नाहीत. एका घरात शॉर्ट सर्किट झालं तर दोन दिवस भिंत उकरून त्यांनी उंदराने कुरतडलेली वायर शोधली आणि घरमालकाच्या हातात ठेवली, तेव्हा कुठे ते जेवायला गेले.

माझं कॉम्प्युटरचं दुकान त्यांच्या घरासमोर आहे. एका मंगळवारी ते आत आले आणि नेहमीसारखं माझ्या एक्स्टेंशन बोर्डाला नावं न ठेवता सरळ काउंटरपाशी आले. मग म्हणाले, "मागच्या खोलीत इंटरनेट पाहिजे. रविवारच्या आत."

मी बघायला गेलो. राउटर पुढच्या खोलीत. मधे जाड भिंती, आणि मागच्या खोलीला तिन्ही बाजूंनी शेजारच्या इमारती चिकटलेल्या. तिथे मोबाइललाही एक काडी रेंज नव्हती. त्या खोलीत काकू खाटेवर होत्या. उशाशी श्वासाचं यंत्र. मज्जातंतूंचा आजार. आधी पाय गेले, मग हात, आता जिभेची पाळी होती. त्यांना पुढच्या खोलीत हलवायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. आवाज फार तर तीन आठवडे राहील, असंही डॉक्टर सांगून गेले होते.

काकूंनी मला जवळ बोलावलं. शब्द जड येत होते, पण कळत होते.

"सहा वर्षांपूर्वी पोरगी परदेशी निघाली, तेव्हा मी म्हटलं होतं, गेलीस तर आई मेली असं समज. ते शब्द मला परत घ्यायचेत. माझ्या तोंडाने."

मी काकांकडे पाहिलं. दर रविवारी दुपारी ते पुढच्या खोलीत मुलीशी बोलायचे आणि हात चालत होते तोवर काकू आत भांडी आपटायच्या, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मुलगी कारखान्यात पाळीवर कामाला. तेवढीच एक दुपार तिला मोकळी मिळायची.

"काकांनी सांगितलं तर?" मी विचारलं.

"त्यांनी मधे निरोप्या व्हायचं नाही. रेकॉर्ड करून पाठवलेलंही नको, तिच्या तोंडाकडे बघत बोलायचंय. आजाराचंही सांगायचं नाही, शपथ घातलीय मी त्यांना. आजारी आहे म्हणून माफ करेल ती. तसली माफी नकोय मला."

म्हणजे हातात तीन रविवार होते. हे मला तेव्हाच माहीत होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं, पण हे माहीत होतं ते होतंच.

दुकानात आल्यावर मी दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक वायरलेस डबी: मधल्या बोळकांडीत लावायची, ती पुढचं वायफाय पकडून मागे फेकते. दुसरी पॉवरलाइनची जोडी: एक डबी राउटरजवळच्या सॉकेटात, दुसरी मागच्या खोलीतल्या सॉकेटात, आणि घरातल्या विजेच्या वायरीतूनच इंटरनेट जातं. मी म्हटलं, "काका, वायरलेस घ्या. दहा मिनिटांचं काम आहे."

त्यांनी वायरलेसकडे नुसतं बघितलं. "हवेतलं काही मी मानत नाही. वायर असली की कुठे तुटली ते सापडतं. हवेत काय शोधू, माशा?"

"मग लांब केबल टाकू जमिनीवरून."

"माझ्या घरात लोंबती वायर? आणि भिंत फोडायची तर धूळ उडेल, तिला धूळ चालत नाही." मग त्यांनी पॉवरलाइनची जोडी उचलली. ती हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "हे बरं आहे. वायर माझीच आहे की भिंतीत! एकेक इंच माझ्या हाताने ओढलेली."

मी विचारलं, "सगळं घर एकाच फेजवर आहे ना?"

"माझ्या घरचं वायरिंग तू मला विचारणार?"

मी जोडी पिशवीत घालून दिली. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व, हा धंद्यातला शहाणपणा. तो त्या दिवशी मला फार स्वस्तात सुचला.

शनिवारी काका दारातूनच ओरडले, "डबीवर हिरवा दिवा लागला!" रविवारी दुपारी काकूंना उशांना टेकवून बसवलं, केस विंचरले, यंत्र नजरेआड सरकवलं. मुलगी पडद्यावर आली. काकू "बाळ" म्हणाल्या आणि चित्र थिजलं. मुलीचं तोंड अर्धवट उघडं, तसंच राहिलं. दिवा लाल झाला होता. तासभर खटपट केली, मग तिकडे तिची कामाची वेळ झाली.

पुढचा सगळा आठवडा काकांनी घर सोलून काढलं. बोर्ड उघडले, सॉकेट बदलले, चांगले जॉइंट सोडून पुन्हा बांधले. मी दोनदा वायरलेस डबी घेऊन दारात गेलो. दोन्ही वेळा म्हणाले, "दोष सापडत आलाय." त्यांना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत मी परत फिरलो. खरं म्हणजे मला भांडायचा कंटाळा आला होता. आत काकूंचा आवाज रोज थोडा बसत होता. दुसऱ्या रविवारी दिवा हिरवा झालाच नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी न विचारता आत शिरलो आणि मेन बोर्डापाशी उभा राहिलो. तिथे मागच्या खोलीची वायर निराळी, नवी दिसत होती.

"ही कधी घातली?"

"गेल्या वर्षी, तिचं यंत्र आलं तेव्हा. आपल्याकडे खांबावरून तीन फेज येतात, त्यातली एक सारखी जाते. म्हणून तिची खोली मी सगळ्यात भरवशाच्या फेजवर घेतली, बाकी घर दुसरीवर." हे सांगताना त्यांचा आवाज ताठ होता. "घरभर अंधार झाला तरी तिचा श्वास चालू राहायला हवा."

"काका, एका फेजवरचं इंटरनेट दुसऱ्या फेजवर धड जात नाही. मी तेच विचारलं होतं."

त्यांनी त्या नव्या वायरीवरून बोट फिरवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायकोच्या काळजीने जी वायर बदलली, तीच आड आली होती, आणि घरातली तेवढीच एक वायर त्यांनी तपासली नव्हती. दोष तिच्यात असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

"राउटरचं सॉकेट तिच्या फेजवर घेऊ या," मी म्हटलं.

"त्या लाइनीवर तिच्या यंत्राशिवाय काही नको," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "लाव तुझी हवेतली डबी."

खरोखर दहा मिनिटं लागली. मागच्या खोलीत मोबाइलवर सगळ्या काड्या उभ्या राहिल्या. काकूंना दाखवलं तेव्हा त्या हसल्या. काहीतरी म्हणाल्याही, पण ते मला कळलं नाही. काकांना कळलं की नाही, मी विचारलं नाही.

रविवारी काकांनी मलाही बसवून घेतलं, डबी पुन्हा रुसली तर असावा कुणीतरी म्हणून. मुलगी पडद्यावर आली ती समोर बसल्यासारखी स्वच्छ. तिच्यामागे खिडकीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दिसत होता.

"आई! किती वाळलीस ग!"

काकूंनी बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली जात होती. सहा वर्षं पाठ केलेलं असावं, कारण त्या थांबत नव्हत्या. मी खाटेच्या पायथ्याशी होतो, दोन हातांवर. मला एक शब्द ऐकू आला नाही, नुसती हवा येत होती.

"आई, आवाज येत नाहीये," मुलगी म्हणाली. "बोल, बोल, दिसतेयस तू. बाबा, तिचा आवाज का येत नाहीये?"

काकू थांबल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती आणि शपथही होती. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

काका मोबाइलजवळ सरकले.

"वायरिंगचा दोष आहे," ते म्हणाले. "माझंच काम चुकलंय, बाळा. तुझा आवाज इकडे येतोय, पण इकडून मी ओरडतोय तेवढंच पोचतंय, हिचा हळू आवाज तिकडे पोचत नाही."

"तुमचं काम? चुकलं?" मुलगी हसली. "मग दुरुस्त करा ना, बाबा. पुढच्या रविवारी ऐकू येईल?"

"येईल," काका म्हणाले. "आज तू बोल. ती ऐकतेय."