नववीवाल्यानं केलेली पदवीधरांची यादी

आधी अकोल्यातल्या ताईंचं सांगतो, माझी फजिती नंतर. ताई शिलाईचा क्लास चालवतात. नववीत शाळा सोडून मी सावंतवाडीहून इतक्या लांब आलो, तेव्हा क्लासच्या वरची खोली त्यांनी दिली. ॲपच्या स्क्रीनचं डिझाइन मी त्याच खोलीत मोबाइलवर बघून शिकलो.

पुढे अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत लागलो. शिक्षण कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. साहेबांना ॲप काढायचं होतं, शिकवणारे आणि शिकणारे यांची गाठ घालून देणारं. अमरावतीत शिकवणाऱ्यांना काय तोटा! चार दिवसांत वकील, प्राध्यापक, निवृत्त गुरुजी 'मार्गदर्शक' म्हणून दाखल. एका गुरुजींनी आपला विषय 'सर्व' असा लिहिला. शिकायला मात्र कोणीच येईना. मोर्शी, भातकुलीपर्यंत पत्रकं वाटून झाली.

साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत एक तरी जोडी जमव भाऊ, नाही तं कोकणात जाऊन आंबे मोज."

रविवारी अकोला गाठलं. ताईंना म्हटलं, शिकणाऱ्या म्हणून नाव नोंदवून बघा. पहिलाच रकाना शिक्षणाचा. ताईंनी यादी वर-खाली केली.

"सातवी कुठी हाये रे यात?"

"नाहीये. पदवीपासून सुरू होते."

"मंग नववी?"

यादी माझीच. आपण शिकलेले वाटावं म्हणून इतकी उंच बांधली, की बांधणाराच बाहेर राहिला. याला म्हणे डिझाइन म्हणतात.

खाली पुढचा रकाना होता : 'आपले जीवनध्येय, शंभर शब्दांत.'

"बाप्पा! एवढं समजलं असतं तं कोणाले इचारलं कायले असतं?" ताई हसल्या. "माह्याकडे पोरगी आली का मी ध्येय नाही इचारत. म्हणतो, बिघडवलेला ब्लाउज घेऊन ये. तिथूनच सुरू करतो आमी."

सोमवारी सकाळी मी यादी काढली, ध्येय काढलं. एकच प्रश्न ठेवला : काय बिघडलंय?

"शिक्षण कावून काढलं?" साहेब.

"मलाच भरता येत नव्हतं. मी नववीत शाळा सोडलीय."

साहेबांनी तो एकच प्रश्न पुन्हा वाचला. "डिग्रीवाल्यायनं एवढंही कबूल नसतं केलं. राहू दे असंच."

दुपारी नांदगाव खंडेश्वरच्या एका मुलीनं लिहिलं, 'केक मधोमध बसतो.' 'सर्व'वाल्या गुरुजींनी मिनिटात स्वीकारलं. उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं, ते निराळं. जोडी जमली, नोकरी राहिली.

ताईंना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचंय. अडलंय ते बीजगणितावर. मी शाळा सोडली तीही त्याच्याच धाकानं. पण सध्या रोज पहाटे दोन समीकरणं सोडवतो. एखादं बरोबरही येतं. ताई, फॉर्म भरून ठेवा. तुमचं बीजगणित मी करून घेईन.