खचलेली फरशी

चाकांचं अलाइनमेंट करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता, असं निदान मिस्त्रींचं मत होतं. टायर एकाच बाजूने झिजल्याची तक्रार कुणी आणली, की ते खेकसायचे, "रस्ते खराब आहेत, त्याला मी काय करू?"

पण ही लाल स्पोर्ट्स कार काही पिच्छा सोडेना. मशीनवर तिची मागची चाकं सुतासारखी सरळ दिसत आणि वळणावर मात्र मागचा भाग भलतीकडेच पळे. चाकांना धरून ठेवणारे बुश बदलले, आर्म बदलले, तरी तेच. शेवटी वैतागून मिस्त्रींनी पाणी भरलेली नळी घेतली आणि चारही चाकांखालच्या जमिनीची पातळी ताडून पाहिली.

दोष गाडीत नव्हताच. मागच्या डाव्या चाकाखालची त्यांची स्वतःची फरशी चांगली बोटभर खचली होती, त्यामुळे मशीनचं मापच चुकत होतं. साध्या गाड्यांनी ते निमूट सोसलं होतं, एवढंच.

कधीपासून खचली? किती गाड्या आपण इथून वाकड्या करून पाठवल्या?

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, तुम्ही अलाइनमेंट करून दिलीत तरी गाडी अजून डावीकडे ओढतेय हो. उद्या पोरांना घेऊन लांब जायचंय."

खरं सांगायलाच मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"अरे, रस्तेच खराब आहेत," ते म्हणाले.