गार्डमामा आणि पळालेले शिष्य

गार्डमामांना माणूस दिसला की आधी त्याची चूक दिसायची. नमस्कार, विचारपूस सगळं नंतर. २०१४ च्या जूनमध्ये मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि डहाणू रोडजवळ मसोलीला खोली घेतली. पहिल्याच रविवारी मिस्सा संपल्यावर एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ चर्चच्या दारात माझ्यासमोर उभे राहिले. "वसईकडच्या ना तुम्ही? फादर प्रवचन करत होते तेव्हा जांभई दिलीत. हात तरी आडवा धरायचा." एवढं बोलून ते निघून गेले. मागून त्यांच्या पत्नी, व्हीलचेअरमधल्या रोझमामी, हसून म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं. त्यांनी तुला पसंत केलंय."

ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बोलणं त्याच रुळावरून चालायचं. "ड्रायव्हर पुढे असतो, त्याला लोक सलाम करतात. गार्ड शेवटच्या डब्यात, एकटा. पण गाडी अर्ध्या वाटेत तुटली तर मागं राहणारा गार्डच. गाडी सोडून पळालेला गार्ड मी अजून पाहिला नाही." हे वाक्य डहाणूतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरानं कधी ना कधी ऐकलेलं होतं.

पण मामांचा खरा हंगाम म्हणजे उपवासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की मामांच्या अंगात काहीतरी संचारायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की चर्चमागच्या कौलारू खोलीत ते वर्ग घ्यायचे. विषय कायम एकच: शिष्यांच्या चुका. "येशूनं बारा जण निवडले. त्यांतला एक तरी शहाणा मला दाखवा. संतांचे चमत्कार तुमच्या कामाचे नाहीत. तुम्हाला त्यांच्यासारखं जमणारी गोष्ट एकच, चूक. तेव्हा तीच नीट शिका."

मग ते एकेक चूक काढायचे. मोठा कोण यावरून वाटेत भांडणारे शिष्य, लहान मुलांना हाकलणारे शिष्य, ज्या गावानं थारा दिला नाही त्याच्यावर आकाशातून अग्नी पाडू का असं विचारणारे दोघे भाऊ. सांगायचे इतकं सुंदर, की ते लोक सातपाटीच्या नाहीतर वाढवणच्या बंदरावर काल भेटले असावेत असं वाटायचं. पण गोष्ट संपली की मामांची नजर बाकांवरून फिरायला लागायची आणि आम्ही सगळे माना खाली घालायचो. कारण प्रत्येक चुकीला त्यांना समोरचा एक जिवंत नमुना लागायचा.

स्टेशनजवळ मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणारा डॉमनिक हा त्यांचा ठरलेला थोमा, पुराव्याशिवाय विश्वास न ठेवणारा शिष्य. "हा बघा. याला देव दाखवला तरी बॅटरी काढून मागं नंबर बघेल." लोक हसायचे. डॉमनिकही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. आपला मुलगा वेदीसेवकांत पुढे उभा राहावा म्हणून फादरांकडे गेलेल्या एका आईला त्यांनी, मुलांसाठी येशूशेजारची जागा मागणाऱ्या शिष्यांच्या आईची गोष्ट सांगून, सर्वांदेखत विचारलं, "उजव्या बाजूला हवा की डाव्या?" त्या बाई पुन्हा कधी वर्गाला आल्या नाहीत.

आणि संगीता. सायवनची, चर्चच्या बालवाडीत मदतनीस. तिचा नवरा सरकारी दवाखान्यात तापानं गेला. कित्येक रात्री जागून काढल्यावर पहाटे तिचा डोळा लागला आणि तेवढ्यात तो गेला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मामांनाही. येशूच्या अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत झोपी गेलेल्या शिष्यांची गोष्ट सांगून झाल्यावर, 'तुम्हाला माझ्याबरोबर एक तासही जागता आलं नाही काय?' हे वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं आणि संगीताकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं. ती उठली आणि चप्पल न घालता बाहेर गेली.

त्या दिवशी घरी जाताना मी त्यांच्या सोबत होते. व्हीलचेअर ढकलता ढकलता ते म्हणाले, "लागलं तिला. लागलं पाहिजे. लागल्याशिवाय कोणी शिकत नाही."

खुर्चीतल्या रोझमामी मागे न वळता म्हणाल्या, "तुम्हाला कधी लागलंय?"

"माझी चूक दाखव."



मग अशा माणसावर माझा जीव का होता? मी पाड्यावरून कावीळ घेऊन आले तेव्हा खोलीत एकटीच होते. मामा रोज दोन्ही वेळा पेज घेऊन यायचे, मी ती संपवेपर्यंत दारात उभे राहायचे आणि टोमणे मारायचे. "पाड्यावरचं पाणी उकळून प्यावं हे पोरांना शिकवता ना? मग?" एकदा मला उलटी झाली, तर धोतराचं जुनं पान आणून त्यांनी स्वतः जमीन पुसली आणि पुसतानाही मला बोलत होते. तो माणूस काळजीसुद्धा शिव्या दिल्यासारखी करायचा.

आणि मामींचं सगळं तेच करायचे. अर्धांगवायूनं मामींची उजवी बाजू गेली होती, बोलणं मात्र शाबूत होतं. मामा त्यांना आंघोळ घालायचे, घास भरवायचे, दर शुक्रवारी वर्गाआधी त्यांचे केस विंचरून अंबाडा घालायचे. अंबाडा नेहमी वाकडा व्हायचा. वर्गात मामींची खुर्ची ते स्वतःच्या उजव्या हाताला ठेवायचे आणि शिकवताना त्यांचा एक हात खुर्चीच्या मुठीवर असायचा.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या मधल्या गावांतून सुरुवात झाली. आधी जमिनीच्या पोटातून गाडा गेल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. लोक घरं सोडून थंडीत अंगणात, ताडपत्रीखाली झोपायला लागले. आमची शाळा आंब्याखाली भरायची. मुलं पाढे म्हणताना मध्येच थांबून जमिनीकडे बघायची. मामा तेव्हाही म्हणायचे, "भ्यायचं काय त्यात? होडीत वादळ आलं तेव्हा शिष्य असेच ओरडले. विश्वास नाही, दुसरं काय."

पुढच्या वर्षीच्या उपवासकाळात, एका शुक्रवारी, वर्ग भरला होता. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, मंडळाची निवड जवळ आली होती आणि डॉमनिक उभा राहणार होता. त्यामुळे मामांनी 'मोठा कोण' हा धडा काढला होता. "आता डॉमनिक म्हणेल, मला पद नको, मला सेवा..." एवढं ते बोलले आणि आवाज आला.

तो आवाज आम्ही सगळे ओळखत होतो. मग बाकं सरकली, भिंत करकरली आणि वरून कौलं निसटू लागली. पळालो तर आम्ही सगळेच. पण मामा सगळ्यांच्या आधी. दाराजवळच बसलेली एक म्हातारी दारात अडखळत होती, तिला त्यांनी खांद्यानं बाजूला लोटलं आणि धावत जाऊन आवारातल्या चिकूच्या झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

हादरा थांबला. कोणी रडत होतं, कोणी येशूचं नाव घेत होतं. मामांनी झाड सोडलं. श्वास घेतला. मग त्यांचा हात सवयीनं उजवीकडे गेला, खुर्चीच्या मुठीच्या उंचीवर. तिथं काहीच नव्हतं.

"मामी?" संगीता किंचाळली आणि आत पळाली.

तिनं खुर्ची बाहेर ओढत आणली तेव्हा मामींच्या मांडीवर कौलाचे तुकडे होते. केसांत लाल धूळ. कपाळावर जरा खरचटलं होतं, बाकी काही नाही. मामा पुढे झाले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या मांडीवरचे तुकडे उचलायला लागले. मामी त्यांच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी आत होते."

एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत मामी त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

गाव मात्र बोललं. इतक्या वर्षांची उधारी व्याजासकट फेडावी तसं बोललं. मामा रस्त्यानं निघाले की डॉमनिकच्या दुकानातून गार्डची शिटी ऐकू यायची. पोरांनी ती उचलली. चर्चच्या आवारात मामा आले की कोपऱ्याकोपऱ्यातून शिट्ट्या. ज्या म्हातारीला त्यांनी लोटलं होतं, ती प्रत्येकाला दंड उघडून दाखवायची. "गाडी सोडून पळालेला गार्ड बघितला काय?" असं बायका नळावर एकमेकींना विचारायच्या. वर्ग बंद पडला. फादरांनी तो बंद केला नाही. कोणी आलंच नाही.

उत्तम शुक्रवारी येशूच्या दुःखसहनाचं वाचन असतं आणि त्यात येशूला नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याचं वाक्य मामांकडे असायचं. या वर्षी ते दुसऱ्या कोणाला द्यावं असं मी फादरांना सुचवलं. तिथंच उभा असलेला डॉमनिक पटकन म्हणाला, "छे, छे! दर वर्षी मामाच वाचतात. परंपरा आहे." मामा वाचायला उभे राहिले. दासीनं विचारलं, 'तूही त्या मनुष्याच्या शिष्यांपैकी आहेस ना?' मामांनी पुस्तकात बघितलं. 'मी नाही,' ते म्हणाले, पण आवाज फुटलाच नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी बारीकशी शिटी मारली. येशूच्या मरणाच्या दिवशी, चर्चमध्ये, लोक हसले. मामांनी मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात पुन्हा वाचलं, "मी नाही!" पुढे आणखी एकदा तेच वाक्य येतं. तेही त्यांनी तसंच वाचलं. मामी पहिल्या रांगेत होत्या. त्या समोरच्या क्रूसाकडे बघत राहिल्या.

घरातली शिक्षा बाहेरच्याहून मोठी होती. मामा विचारायचे, "रोझ, भात मऊ करू?" उत्तर नाही. "पंखा लावू?" उत्तर नाही. मी गेले की मामी माझ्याशी छान गप्पा मारायच्या, शाळेतल्या पोरांची चौकशी करायच्या, हसायच्यासुद्धा. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "टीचर, तिला जरा विचारा ना, पाठ दुखते का. रात्री कण्हते. मी विचारलं तर थांबते."

मी मामींना म्हटलं, "मामी, पुरे आता. किती रागवाल?"

"राग नाही गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यांनी माणसं सोलली आणि मी शेजारी बसून गप्प ऐकलं. आता माझं गप्प बसणं त्यांनी ऐकावं." मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "आणि खरं सांगू? बोलायला गेले तर मी रडेन. ते मला त्यांच्यापुढे करायचं नाही."

पावसाळ्यात मामींना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी बसले असताना त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. "त्यांना म्हणावं, वर्ग घ्या. आता त्यांना जमेल." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की, बाहेरच उभे आहेत." त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मामा उशाशी होते, जागे होते. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

निरोप मी दफनविधीनंतर सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "हे तिनं मला सांगितलं, की माझ्याबद्दल तुम्हाला?"

"मला," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मामी गेल्याच्या महिन्यानं झालेल्या मिस्सेनंतर लोक घरी प्रार्थनेला जमले. बरेचसे मामींसाठी, काही नुसते बघायला. डॉमनिकही होता. प्रार्थना संपल्यावर मामा उभे राहिले. हातात पुस्तक नव्हतं.

"मी तुम्हाला सांगायचो, शिष्य भित्रे होते म्हणून पळाले," ते म्हणाले. "ते खोटं आहे. म्हणजे मला ते माहीत नव्हतं. लोकांना वाटतं, मी घाबरून रोझला सोडलं. सोडायला ती मनात तरी यायला हवी होती. त्या वेळी ती माझ्या मनातच नव्हती. बायको नव्हती, देव नव्हता, कोणी नव्हतं. फक्त मी होतो. झाडाला मिठी मारली तेव्हा मला बरं वाटलं. हे मी इतके महिने कोणाला सांगितलं नाही."

मामांनी संगीताकडे पाहिलं. "पोरी, तू सगळ्या रात्री जागलीस आणि पहाटे झोपलीस. ती झोप होती. मी तुला जे केलं, ते जागेपणी केलं."

संगीता पदराशी चाळा करत होती. तिनं वर बघितलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "मंग मामा, पळून गेल्यावर त्या शिष्यांचं पुढं काय झालं?"

"परत आले. दुसरीकडे जाणार कुठे? पेत्र पुन्हा मासे धरायला गेला. तिथं किनाऱ्यावर येशू उभा होता. त्यानं विस्तव पेटवला होता, मासे भाजले होते. पेत्राला जेवू घातलं आणि तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का?" मामा रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी रोज भात केला. रोज भरवला. तिनं एकदा जरी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

डॉमनिक उठला आणि बाहेर गेला. तो ओट्यावर रडत होता, असं नंतर मला कोणीतरी सांगितलं. मी पाहिलं नाही.

नाताळच्या आधी त्यांचा मुलगा येऊन मामांना भाईंदरला आपल्या घरी घेऊन गेला. मी सामान बांधायला गेले होते. रिक्षात बसताना त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. आता काहीतरी चूक काढणार म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. ते नुसते म्हणाले, "सांभाळून राहा, टीचर." इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मी ऐकलेलं ते सगळ्यात साधं वाक्य होतं, आणि ते ऐकून मला एकदम वाटलं की या माणसाचं सगळं संपलं. रिक्षा वळेपर्यंत मी तिथंच थांबले. मामांनी मागे पाहिलं नाही.