आठही दिवे लागतात

त्यांचं खरं आडनाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी ऑफिसात, गोदामात, गिऱ्हाइकांच्या दारात ते सगळीकडे आठदिवे. घरोघरी इंटरनेटची वायर ओढायची, तिच्या दोन्ही टोकांना कनेक्टर बसवायचे, दोन्हीकडे तपासणीची डबी लावायची आणि डबीवरचे आठ हिरवे दिवे ओळीनं लागले की घरमालकाला बोलावून म्हणायचं, "आठही दिवे लागले. विषय संपला." वर्षानुवर्षं हेच वाक्य. मग नाव पडणार नाही तर काय होणार!

माणूस कामाचा मात्र पक्का, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल करावं. वरचं साल सोलताना आतल्या तारेला पात्याचा ओरखडासुद्धा लागू देत नसत. आत आठ बारीक तारा असतात, दोन दोन एकमेकींना पिळलेल्या, अशा चार जोड्या. त्यांचा पीळ सोडवायचा, अंगठ्याखाली धरून त्या सरळ करायच्या, रंगाच्या क्रमानं लावायच्या, एका रेषेत कापायच्या, पारदर्शक कनेक्टरात शेवटपर्यंत सारायच्या आणि पक्कडीनं कच्चकन दाबायचं. हे करताना ते क्रम पुटपुटत राहत. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस उद्या तोंडी परीक्षेला बसणार आहे.

बायकोलाही तो क्रम तोंडपाठ झाला होता. संध्याकाळी घरच्या टेबलावर ते छोट्या वायरी करायला बसले की ती स्वयंपाकघरातून एकेक रंग मोठ्यानं म्हणायची. मधेच मुद्दाम चुकवायची, आणि हे चिडले की खुदकन हसायची. लहानगी मुलगी जमिनीवर बसून तारांचे कापलेले तुकडे गोळा करायची. बायकोची एक तक्रार मात्र कायमची. बाकीच्या तीन जोड्या शेजारी शेजारी बसवता, मग त्या बिचाऱ्या हिरव्यालाच का जोडीदारापासून तोडता? आतून दोघं गळ्यात गळा घालून येतात, आणि दारात आल्यावर तुम्ही मधे निळी जोडी घुसवता.

ते तिला दर वेळी नव्यानं समजावत. पलीकडचं यंत्र तिसरी आणि सहावी जागा मिळून एक जोडी धरतं, तिथं एकाच पिळातल्या दोन तारा हव्यात. सगळ्या जोड्या शेजारी शेजारी बसवल्या तर दिसतं छान, डबीवर दिवेही आठच्या आठ लागतात, पण वेग वाढला की एका जोडीचं बोलणं दुसरीच्या कानात जातं आणि सगळा विचका होतो. टेलिफोनवाले ही चूक हमखास करतात, कारण टेलिफोनच्या तारा तशाच ओळीनं बसतात. मीही टेलिफोनमधूनच आलो, पण मी नाही करत. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, असेल, पण मला ते बघवत नाही.

आणखी एक सवय होती त्यांची. गिऱ्हाइकानं कितीही वेड्यासारखी तक्रार केली, अगदी प्लग न लावता यंत्र बंद पडलं म्हणून बोंब मारली, तरी ते म्हणत, बघतो. वाद नाही, तोंड वाकडं करणं नाही. बघतो म्हणायचं आणि जायचं.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांशी बोलायचं तिचं काम. ती आली, पाहुणे पांगले आणि पाचव्या दिवशी तिनं सांगितलं की मी दोन महिने इथंच राहते, आतल्या खोलीत बसून काम करीन. ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडला. पण मधली भिंत जाड, आतल्या खोलीत वायफाय पोचेना. त्याच दुपारी त्यांनी बाहेरच्या खोलीपासून आतपर्यंत वायर ओढली. कनेक्टर बसवताना पुटपुटले नाहीत. घरात इतकी शांतता होती की स्वतःचा आवाज काढवेना. आठ दिवे लागले, आणि त्यांनी हत्यारं पिशवीत भरली.

चौथ्याच दिवशी मुलीची मोठी मीटिंग होती. सहा महिन्यांचं काम तिनं सगळ्यांपुढे मांडायचं होतं. तिचा आवाज तुटायला लागला, चित्र अडकायला लागलं, आणि शेवटी ते काम तिच्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी मांडलं. ती बाहेर आली, चेहरा उतरलेला. म्हणाली, बाबा, वायरीत काहीतरी गडबड आहे, एकदा बघता का?

अख्ख्या गावाला बघतो म्हणणारा हा माणूस. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे! उठून डबी आणली, तिच्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "आठही दिवे लागतायत. तुझा लॅपटॉपच भिकार आहे." एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण आईनं तुला डोक्यावर बसवून ठेवलंय, हेही म्हणून बसले. दोन दिवसांनी, कामाचा खोळंबा होतोय म्हणून, मुलगी बॅग भरून निघून गेली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकरा वाजता कॉल. हे आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसत. तिचा चेहरा मिनिटभर नीट दिसे आणि मग अडके, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं. तुमचा आवाज तुटतोय, बाबा. माझा नाही, तुझाच तुटतोय. बरं, ठेवते मग. संपला रविवार. खरं सांगायचं तर दोघांनाही ते बरंच पडत असावं. नेट तुटतंय म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही.

घरात एक कप, एक ताट, एक खुर्ची वापरात. कामावर मात्र आठदिवे हल्ली रेंगाळायला लागले होते. जोडणी झाली की घरातली माणसं पहिला कॉल कुणाला तरी लावतातच, बहिणीला, नातवाला, कुणा मित्राला. तेवढा वेळ हे कोपऱ्यात बसून उरलेली वायर सावकाश गुंडाळत. तेवढी वायर गुंडाळायला कुणालाही दोन मिनिटं पुरतात, यांना वीस लागायची. एका बाईंनी तर विचारलंच, काका, आणखी काही राहिलंय का? ते ओशाळले आणि निघाले.

मग कंपनीनं नवं तपासणी यंत्र दिलं. जुन्या डब्या गोळा केल्या. हे यंत्र नुसते दिवे लावत नाही, कुठली तार कुठल्या तारेशी पिळलेली आहे तेही ओळखतं. सोमवारपासून वापरायचं, घरी नेऊन हात बसवा, असं साहेबांनी सांगितलं. रविवारी सकाळी चहा झाल्यावर आठदिव्यांनी विचार केला, शिकायला घरचीच वायर बरी. आपल्या हातची आहे, तिथं चूक निघायची नाही.

यंत्रावर लाल फुली आली. खाली चित्र, आणि चित्रात मधल्या दोन जोड्यांची फाटाफूट दाखवलेली.

यंत्रच बिघडलंय, ते म्हणाले. पिशवीतली एक तयार वायर लावून पाहिली. पास. दुसरी लावली, तीही पास. पुन्हा घरची लावली तर पुन्हा फुली. मग त्यांनी चष्मा चढवला, भिंतीजवळचा कनेक्टर काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि पारदर्शक प्लास्टिकमधून आत पाहिलं. निळ्याशेजारी त्याचा जोडीदार. केशरीशेजारी त्याचा. हिरव्याशेजारी त्याचा, चॉकलेटीशेजारी त्याचा. सगळी जोडपी कशी शेजारी शेजारी, खेटून. दुसऱ्या टोकालाही तेच. वायरीत गडबड आहे, असं पोरगी म्हणाली होती. आणि आठ दिवे लागूनही ही चूक राहते, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? बायकोला हजारदा सांगितलं होतं.

टेलिफोनची जुनी सवय, हात आपोआप तिकडे वळला, असं त्यांनी मनाशी म्हणून घेतलं. असेलही. मला विचाराल तर त्या दुपारी त्यांच्या हातून कुणाचीच ताटातूट झाली नसती. पण आपण कोण सांगणार!

दोन्ही टोकं त्यांनी कापून टाकली. नवीन साल सोललं, तारा सरळ केल्या. पांढरा-केशरी, केशरी. आधी मनात, मग ओठांत, मग चांगलं मोठ्यानं. पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा. इथं थांबले. स्वयंपाकघराकडे कान गेला होता. तिकडे अर्थातच कुणी नव्हतं. हिरवा, त्यांनी स्वतःच म्हटलं आणि तार जागेवर बसवली. यंत्रानं पास म्हटलं तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती.

मुलगी पडद्यावर आली ती लख्ख. कानशिलाजवळ तिचे केस पांढरे झालेले त्यांनी पहिल्यांदा पाहिले. चष्माही नवा होता, निदान यांना तरी नवा. आज तुमचं नेट बरं आहे, ती म्हणाली. जेवणाचं विचारून झालं, गुडघ्याचं झालं, तिच्याकडे पाऊस किती ते झालं. तीन मिनिटांत विषय आटले. एरवी इथं नेट धावून यायचं. आज चित्र काही अडकेना आणि आवाज काही तुटेना. दोघं एकमेकांकडे बघत बसली.

कंपनीनं काहीतरी बदललं असेल, हे वाक्य त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. म्हणून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागणार होता? त्यांनी ते गिळलं.

"वायर माझी चुकली होती. पहिल्या दिवसापासून. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

मुलगी हललीच नाही. पापणीसुद्धा लवेना. चित्र अडकलं बहुतेक, असं वाटून त्यांनी सवयीनं वायरीकडे हात नेला. मग दिसलं की तिच्या मागचा पडदा वाऱ्यानं हलतोय.

"मला ते कळत होतं, बाबा," ती म्हणाली. "मी वायरीसाठी नाही गेले. सगळ्या जगाला बघतो म्हणता. मला एकदा म्हणाला असतात, तर दोन महिने तुटक्या नेटवर काढले असते मी."

कापलेला कनेक्टर समोरच पडला होता. त्यांनी तो उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

"मधे निळी जोडी घालायची राहिली, बाळा."

ती पुढं वाकली आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिली. लहानपणी गोळा केलेले रंग तिला लगेच ओळखू आले असणार.

"आईला आवडलं असतं हे," ती म्हणाली आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली. पुसताना तिनं कॅमेरा बंद केला नाही. हेही रडत होते आणि तिला ते नीट दिसत होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, बघते.

कॉल संपला. बघतो म्हणून आपण गेलो नाही असं एकदा तरी झालंय का, हे त्यांनी आठवून पाहिलं. एकदाही झालं नव्हतं. पण ती झाली गिऱ्हाइकांची गोष्ट. मग उठून त्यांनी आतल्या खोलीतलं टेबल पुसलं, बाहेरची दुसरी खुर्ची आणून त्याला लावली, आणि वायर पायात येऊ नये म्हणून ती भिंतीच्या कडेकडेनं नीट ठोकून घेतली.