मुंग्या की लाकूड

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी मंडळींत प्रतिमा देशकरची ओळख 'घरगुती उपायवाली' अशी होती. मुलाचा खोकला हटेना, केस गळायला लागले, की पॉटलकच्या, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ आणायच्या, जेवणाला कुणीतरी हातात प्लेट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसायचं आणि जेवता जेवता म्हणायचं, काहीतरी साधंसं सांग ना यार. प्रतिमा हसून सांगायची आणि आतून धुमसायची. नागपुरात धंतोलीला तिचा स्वतःचा दवाखाना होता. दारावर बी.ए.एम.एस. अशी पाटी होती, आणि बाहेरच्या बाकावर लोक नंबर लावून बसायचे. मग तेल कंपनीतल्या श्रीरंगशी लग्न झालं. इथे आल्यावर कळलं की टेक्सासात आयुर्वेदाच्या डॉक्टरला लायसन्स नावाचा प्रकारच नाही, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तर साधी नोकरीसुद्धा करता येत नाही. पाटी राहिली नागपुरात, आणि ही इथे आलं-हळदीचे डोस वाटत बसली.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तिच्या सासूबाई, सुमित्राबाई, राहायला आल्या. त्यांचा डावा हात कित्येक दिवस बधिर होता. इथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काळजीचं काही नाही, मानेतली नस थोडी दबली असेल, असं म्हणाले आणि थांबून बघायला सांगितलं. खरं सांगायचं तर प्रतिमाला आनंदच झाला. हक्काचा पेशंट घरी चालून आला होता. ती रोज संध्याकाळी तेल कोमट करून सासूबाईंचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची. कसं वाटतंय असं विचारलं की सुमित्राबाई म्हणायच्या, बरं आहे गं. ते 'बरं' सुनेसाठी होतं, हातासाठी नव्हतं. इतकी हुशार वैद्य, पण तिच्या हे लक्षात आलं नाही. ऐकायला गोड लागणारं उत्तर कोण तपासून बघतं?

मग एके दिवशी श्रीरंगने परस्पर ठरवून टाकलं. त्याच्या ऑफिसातल्या विक्रमची पाठ ह्यूस्टनच्या चायनाटाउनमधल्या कुणा डॉक्टर फांगने बरी केली होती. "अपॉइंटमेंट घेतलीय," तो म्हणाला. "तू ड्राइव्ह कर आणि आईला ट्रान्सलेट करून सांग. ट्राय करायला काय जातंय?"

बायको वैद्य असलेल्या माणसाने हे बोलावं! प्रतिमाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सासूबाई समोर बसल्या होत्या. तिने मुकाट्याने गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टर फांग पन्नाशीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर टेक्सास राज्याचं ॲक्युपंक्चरचं लायसन्स फ्रेम करून लावलं होतं. प्रतिमाने ते शिक्क्यासकट वाचलं, मग पुन्हा वाचलं. मराठीत मत्सराला पोटात दुखणं म्हणतात ते उगीच नाही. तिच्या खरोखरच बेंबीच्या वर कुठेतरी दुखलं. फांगबाईंनी सुमित्राबाईंच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि मान कलती करून नाडी ऐकली. हीच तीन बोटं, हीच जागा, प्रतिमाच्या गुरुजींनी तिला शिकवली होती. ह्या बाईला त्याच तीन बोटांचे पैसे मिळतात, मान मिळतो, आणि मला पॉटलकला तोंडभर शिऱ्यासकट कौतुक मिळतं, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथून हलेना.

जीभ बघून झाल्यावर फांगबाईंनी आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "अँट? ऑर वुड?"

मुंग्या की लाकूड? प्रतिमाने भाषांतर केलं. सुमित्राबाईंचा चेहरा उजळला. बोटांत मुंग्या, त्या भराभर सांगू लागल्या, आणि दंडावर मात्र लाकूड, तिथे हात लावलेलाही कळत नाही. प्रतिमा बघत राहिली. तिने रोज 'बधिर आहे का' एवढंच विचारलं होतं आणि रोज 'हो' ऐकलं होतं. दोन्ही शब्द तिच्याच मायबोलीतले, पण ते काढून घ्यायला चीनहून बाई यावी लागली.

मग फांगबाईंनी समजावून सांगितलं. शरीरात एक शक्ती वाहते, तिला त्या 'ची' म्हणत. ती रक्ताला पुढे ढकलते. ती अशक्त झाली की रक्त कातडीपर्यंत पुरतं पोचत नाही आणि मुंग्या येतात. रक्त आणि कफ एका जागी साचून बसले की त्या भागाचं लाकूड होतं. मुंग्या असतील तिथे शक्तीला बळ द्यायचं, लाकूड असेल तिथे साचलेलं हलवायचं, अशी दोन कामं वेगवेगळी. अंगठ्याच्या बेचक्यात आणि गुडघ्याखाली त्यांनी बारीक सुया लावल्या. उकळून प्यायची पुडी दिली, तिच्यात दालचिनी आणि आलं प्रतिमाला वासावरूनच ओळखू आलं. शेवटी सिगारसारखी एक जाड कांडी पेटवून त्यांनी ती दंडाजवळ धरली. धुराला थेट नागदवण्याचा, त्या औषधी पाल्याचा, वास होता. कांडीच्या दोन्ही बाजूंना फांगबाईंनी स्वतःची दोन बोटं सासूबाईंच्या कातडीवर टेकवली होती. "शी नो फील," त्या म्हणाल्या. "सो आय फील." पेशंटला चटका कळत नाही, म्हणून तो आधी वैद्याला कळला पाहिजे.

प्रतिमाला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त राग आला. हे आपल्याला सुचायला हवं होतं.

दर आठवड्याला खेपा सुरू झाल्या. घरी प्रतिमाने तेलाची बाटली कपाटात ठेवून दिली. सुमित्राबाईंनी एकदा हात पुढे केला तर म्हणाली, आता तुमच्या डॉक्टर आहेत ना, आई. त्यांनी हात मागे घेतला. महिन्याभरात त्या पुन्हा देवाच्या वाती वळायला लागल्या. इतके दिवस कापूस त्यांच्या बोटांतून निसटायचा, आणि आता ताटलीत वातींची सारखी रांग लागली. ते बघून जिने आनंदाने उडी मारावी ती फणफणत भांडी घासायला गेली.

पुढच्या खेपेला फांगबाईंनी विचारलं, कसं आहे? "मुंग्या निम्म्याने गेल्या," सुमित्राबाई म्हणाल्या. "आणि दंडाला आता ऊब लागते. सांग तिला."

प्रतिमाने तोंड उघडलं. "सेम," ती म्हणाली.

आपण असं म्हणणार, हे तिला स्वतःलाही आधी माहीत नव्हतं. फांगबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी दोन कांड्या पेटवल्या, रोजच्यापेक्षा जवळ धरल्या आणि बोटं टेकवून बसून राहिल्या. वेळ गेला. बोटांची टोकं आधी गुलाबी, मग लाल झाली. बाई हलेनात. प्रतिमाला ती बोटं दिसत होती, तरी 'सेम' मागे घ्यावंसं वाटेना. ह्या बाईच्या कपाळावरची ती आठी तिला हवीहवीशी वाटत होती.

"सेम म्हणजे तेच," सुमित्राबाई शांतपणे मराठीत म्हणाल्या. "एवढं मला येतं, प्रतिमा. नागपुरात भाजीवालासुद्धा सेम म्हणतो."

सुमित्राबाईंनी फांगबाईंच्या लाल बोटांकडे मान वळवली.

"माझं सोड. मला चटका कळतोय, मी हात ओढून घेईन. पण मला कळत नाही असं समजून ती बिचारी स्वतःची बोटं भाजून घेतेय."

"बेटर," प्रतिमा घाईने म्हणाली. "शी इज बेटर. हाफ गॉन. शी कॅन फील. सॉरी."

फांगबाईंनी कांड्या बाजूला घेतल्या. प्रतिमाकडे एकदा बघितलं, पण रागावल्या नाहीत. बोटं नळाखाली धरून त्यांनी विचारलं, माझ्याकडे यायच्या आधी उपचार कुणाचे होते? काय विचारतेय गं, सुमित्राबाईंनी विचारलं. प्रतिमाने तो प्रश्न मराठीत सांगितला.

"मग सांग ना. माझ्या सुनेचे होते. डॉक्टर आहे म्हणावं. गुण आला नाही, ते सांगू नकोस, ते तिला दिसतंच आहे."

"डॉटर-इन-लॉ," प्रतिमा म्हणाली आणि थांबली.

"डॉक्टर म्हटलेलं मला ऐकू आलं नाही," सुमित्राबाई म्हणाल्या.

मग प्रतिमाने तेही म्हटलं. अमेरिकेत आल्यापासून स्वतःबद्दल तो शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारला, आणि तोही अशा बाईसमोर, जिची बोटं तिच्या खोटेपणाने भाजली होती.