मुलीसारखीच

नागपूरच्या विमानतळावर सगळे मला सोडायला आले होते. बाबा सारखे पासपोर्टचं विचारत होते, आई डोळे पुसत होती आणि माझी सगळ्यात जड बॅग बारा वर्षांची सोनू ओढत होती. सोनू आईच्या मावसबहिणीची मुलगी. गावी हाल होते म्हणून आईने आणलेली. भांडी, झाडू, आजोबांची औषधं तिच्याकडे. शाळा ‘पुढच्या वर्षी’. “आपल्या मुलीसारखीच आहे,” आई सगळ्यांना सांगायची.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी इतिहासात पीएचडी करायला आले. रिसर्चचा विषय, इंग्रजांच्या हाँगकाँगमधल्या चिनी घरांत विकत घेतलेल्या लहान मुली. पोरीला राबवायचं आणि म्हणायचं, दत्तक घेतलीय. सरकार वर्षानुवर्षं म्हणत राहिलं, ही चिन्यांची रीत, आपण मध्ये कशाला पडा? शेवटी कायदा केला, तर कित्येकांनी मोलकरणीचीच ‘मुलगी’ करून टाकली. वाचताना माझं डोकं फिरलं. हे तर मी आमच्याच स्वयंपाकघरात ऐकलं होतं!

फोन केला. “सोनूला शाळेत घाल.”

“आम्ही काय विकत आणलंय तिला?” आई भडकली. “अमेरिकेत जाऊन फारच कळायला लागलं तुला.”

“बाबा, तुम्ही तरी बोला. मला ‘शीक, शीक’ म्हणत इथवर पाठवलंत ना?”

“घरचं आई बघते, बेटा. मी कशाला मध्ये पडू?”

म्हणजे हाँगकाँगचं सरकारच! रूममेट प्राजक्ता म्हणाली, “सोड ना यार, इतक्या लांबून कशाला पंगा घेतेस?” इकडे आलेल्या सगळ्यांचं हेच म्हणणं.

मग मी सोनूलाच फोनवर बोलावलं. तिला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

“ताई, मला सहावीत बसायचंय,” ती हळूच म्हणाली. “पण मावशी रागावेल.”

मावशी म्हणजे माझी आई शेजारीच उभी होती. तिने फोन काढून घेतला, “घालते जूनमध्ये,” म्हणाली आणि ठेवून दिला.

जूनमध्ये सोनू शाळेत गेली. भांड्यांना बाई लागली आणि त्या बाईच्या दांड्या आई मला दर फोनवर ऐकवते. सोनू अजूनही शाळेआधी घर झाडते. त्यावरून आमचं दर रविवारी वाजतंच.

इथे मी कुणाशी भांडत नाही. प्राजक्ताने सिंक खरकट्या भांड्यांनी भरून ठेवलं तरी ‘इट्स ओके’ म्हणते. नागपूरला मला ते म्हणता येत नाही. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच, जिथलं मला काहीच चालवून घेता येत नाही.