कन्हानला जायची गाडी

काही काम झालं की साहेब आधी आपली बोटं हुंगायचे. काम कोणतंही असो. नाली साफ केली, कुलपात तेल घातलं, कान कोरला, तरी बोटं नाकाशी जायची. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "झालं. त्यात काय हाय, चार बोल्ट तर हायेत." कान कोरण्यात बोल्ट कुठून आले हे त्यांना कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सगळं स्वतःच्या हाताने करणारा, आणि केलेलं सगळं दुसऱ्याने निस्तरायचं.

हुडकेश्वरला त्यांच्या बंगल्यात मी स्वयंपाक आणि भांडी करायची. घरात दोघंच. साहेब कचेरीतून रिटायर झालेले, आणि त्यांची बायको, जिला मी ताई म्हणायची. लेक लग्न होऊन दूर गेलेली. साहेबांना मी इथे 'ते' लिहिते आहे ते फक्त सवयीने.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक मोठी परदेशी गाडी घेतली. काळी, लांबलचक, कोणीतरी वापरून सोडलेली. आत चामड्याच्या सीट. पावसाळ्यात त्या सीटांना बुरशीचा असा वास सुटायचा की ताई पदर नाकाला लावून बसायच्या. साहेब म्हणायचे, "असली चामडं हाय. वास तर येनारच."

त्या गाडीचे ब्रेक किंचाळू लागले. दाबले की गल्लीतली कुत्री उठून बसायची. शोरूमवाल्यांनी सांगितलं, पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क दोन्ही बदलावे लागतील. साहेब घरी आले ते चिडूनच. "लुटारू हायेत साले. मी घरीच करतो. त्यात काय हाय."

नेमकं त्याच दिवसांत ताईंची आई कन्हानला न्हाणीत पडली आणि खाटेला लागली. ती ताईंच्या भावाकडे राहायची. भावाचं तिथे किराणा दुकान आहे. हुडकेश्वरहून कन्हान काही परमुलूख नाही. सीताबर्डीपर्यंत ऑटो, तिथून बस. सकाळी निघालेली बाई संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी येते.

ताई म्हणाल्या, "मी बसनं जाऊन येतो."

"आपली गाडी असतानी बसनं काहून?" साहेब म्हणाले. "तुले बसमधे ओकाऱ्या येतात. ब्रेक झाले का थाटात जाऊ. आईले मांगच्या सीटवर झोपवून इकडं आनू, मोठ्या डॉक्टरले दाखवू."

हे ते नुसतं बोलले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी मागच्या सीटवर गादी अंथरली. उशीला स्वतः नवा अभ्रा घातला. खिडकीला पडदाही लावला, म्हातारीच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. पण आणखी एक कारण होतं, ते ताईंनी मला भाजी निवडताना सांगितलं. मागे एका लग्नात ताईंच्या भावाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "भाऊजी, गाडी चालवत आनली का ढकलत?" लोक हसले होते. तेव्हापासून साहेबांना कन्हानला जायचं तर त्याच गाडीतून जायचं होतं.

कामाला सुरुवात झाली. मोबाईलवर एक गोरा माणूस हातमोजे घालून, लखलखीत दुकानात ब्रेक बदलायचा. इकडे साहेब बनियनवर, लुंगी वर खोचून, पोर्चमध्ये फतकल मारून बसलेले. पोट मांडीवर आलेलं. नाकातून पाणी गळायचं ते मनगटाने पुसायचे, आणि मनगटाचं काळं गालाला लागायचं.

जॅक लावला तशी खालची फरशी तडकली. मग ते आत आले आणि माझा पोळपाट घेऊन गेले. मी कणीक भिजवून उभी. त्या दिवशी पोळ्या ओट्यावर लाटल्या. दुसऱ्या दिवशी पोळपाट धुवून परत जागेवर आला, त्यावर जॅकचा गोल ठसा आणि ठशात ग्रीस. साहेब म्हणाले, "धुतला मी साबनानं." ताईंनी नवा आणला.

चाकाच्या मागे ताटाएवढी लोखंडी डिस्क असते, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरावं तसे दोन पॅड असतात. पॅड डिस्कला दाबले की गाडी थांबते. हे मला ठाऊक झालं, कारण दूधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत साहेब सगळ्यांना हेच सांगत बसायचे. ती चिमटी काढली की लोंबकळू द्यायची नसते. म्हणून त्यांनी ती ताईंच्या परकराच्या नाडीने बांधून ठेवली. येणारे-जाणारे बघायचे. ताई दारामागे जायच्या.

चाकातून काळी भुकटी निघाली. ती पोर्चमधून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर बोट फिरवलं की बोट काळं. साहेब भांड्यांच्या फडक्याला हात पुसायचे, त्यालाच नाक पुसायचे आणि फडकं जागच्या जागी टांगून ठेवायचे. एकदा ब्रेकचं तेल त्यांनी दह्याच्या वाटीत काढलं आणि वाटी फोडणीच्या तेलाशेजारी ठेवली. दोन्हींचा रंग सारखा. मी वाटी दाखवली तर म्हणाले, "हुंगून पायत जा ना बाई." त्या दिवसापासून मी त्या घरात चहा घेणं सोडलं.

मागवलेल्या डिस्क चुकीच्या आल्या. त्या परत गेल्या. दुसऱ्या येईपर्यंत गाडी विटांवर उभी राहिली, पुढची दोन्ही चाकं काढलेली. दात पडलेल्या माणसासारखी दिसायची.

रोज संध्याकाळी साहेब कन्हानला फोन लावायचे, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आई, येऊन राहिलो. गाडी होऊन राहिली."

तिकडून म्हातारीचा बारीक आवाज यायचा. "या बाबू. सावकाश या. घाई नोका करू."

मग ते ताईंकडे वळायचे. "पाय. आईले समजते. तुलेच घाई."

ताई भाऊबंदांची, शेजाऱ्यांची गाडीही मागू शकल्या असत्या. ते साहेबांना चाललं नसतं. एकदा ताईंनी पर्स काढून चप्पल घातली होती. साहेब फाटकात उभे राहिले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "जाय. सांग तिथं, नवऱ्याच्यानं झालं नाई म्हनून." ताईंनी चप्पल काढली. मला त्या चपला दारात ठेवायला दिल्या, आणि मी त्या ठेवल्या.

डिस्क आल्या त्या नेमक्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. साहेबांना त्यात मोठा शुभशकुन दिसला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, लोखंडाची पूजा होते. गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात. साहेबांनी नव्या डिस्क आणि पॅड पाटावर मांडले, शेजारी बोल्ट खोलायचे पाने आणि हातोडी. ताईंनी शेंदूर तेलात कालवला. साहेब म्हणाले, "दोन्ही बाजूनं काढ. पॅडलेही लाव. कंजूषी नोको करू." ताईंनी अंगठ्याने प्रत्येक डिस्कवर स्वस्तिक काढलं, पॅडवर बोटं ओढली. वर हळद-कुंकू, फुलं, आपट्याची पानं. नारळ फुटला. पाणी साहेबांच्या बनियनवर सांडलं ते त्यांनी तसंच राहू दिलं.

दुपारी बसवायला घेताना ताईंनी विचारलं, "अहो, तेल हाय त्याच्यावर. पुसू का?"

"पूजा केलेली वस्तू पुसते का कोनी?" साहेब म्हणाले. "अपशकुन करशीन तू."

शेंदरासकट डिस्क बसल्या, शेंदरासकट पॅड बसले. संध्याकाळी सोनं वाटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पोर्चमध्ये नेऊन दाखवलं. पाचही जणांना तेच ऐकवलं: "चार बोल्ट तर हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. ताईंनी आईसाठी गव्हाची लापशी केली, मऊ, गिळता येईल अशी. नवी साडी नेसल्या. म्हातारीला उचलायला, सांभाळायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. मी मागे त्या गादीच्या कडेला बसले. हार घातलेली गाडी फाटकातून बाहेर पडली, तेव्हा साहेबांनी समोरच्या घराकडे बघून हॉर्न वाजवला.

पहिल्या वळणावर साहेबांनी ब्रेक दाबला; गाडी थांबली, पण त्यांच्या मनाने नाही, स्वतःच्या मनाने. साहेब म्हणाले, "नवे हायेत. बसतीन." पुढे उतार आहे. उताराच्या शेवटी एका घराचं बांधकाम चाललेलं. मला साहेबांचा पाय दिसत होता. तो खाली गेलेला होता आणि गाडी चालतच होती.  ताईंनी लापशीचा डबा छातीशी धरला. गाडी जाऊन वाळूच्या ढिगात घुसली आणि थांबली.

चाकांतून धूर निघाला. शेंदूर जळाल्याचा, तेल करपल्याचा, चामड्याच्या बुरशीचा, सगळा वास एकदम आत आला.  लागलं कोणालाच नव्हतं. बांधकामावरची माणसं फावडी टाकून धावत आली.

साहेबांनी ताईंना लागलं का हे विचारलं नाही. ते म्हणाले, "किती थापला शेंदूर तू? हनुमानाले थापतेत तसा थापला."

ताई म्हणाल्या, "पुसू का म्हनलं होतं मी."

"म्हनायचं नाई. पुसायचं."

मी आजवर पुष्कळ घरांत काम केलं. लोकांची उष्टी काढली, तुंबलेल्या मोऱ्या हाताने मोकळ्या केल्या. पण त्या वाक्याने मला जशी किळस आली तशी कशाने आली नाही.

ताई दार उघडून उतरल्या. वाळूत त्यांची चप्पल रुतली, ती त्यांनी ओढून काढली. मला म्हणाल्या, "चाल वं."

"एका तासाचं काम हाय," साहेब मागून म्हणाले. "धुतो अन् बसवतो. बसून राय ना गा जरा." 'गा' आमच्याकडे गडीमाणसाला म्हणतात; ते बायकोला म्हटलं हेही त्यांना कळलं नाही. ताईंनी मागे पाहिलं नाही.

आम्ही ऑटोने सीताबर्डीला गेलो, तिथून बस धरली. कामठीच्या अलीकडे ताईंना दोनदा ओकारी झाली. मी पिशवी धरली. साहेबांनी बसचं सांगितलं होतं ते खरंच होतं. ताईंनी चूळ भरली, खिडकीला डोकं टेकलं आणि डबा मांडीवरून हलू दिला नाही.

म्हातारी खाटेवर इतकी लहान झालेली की पांघरुणात कोणी आहे की नाही कळत नव्हतं. ताईंनी तिला बसवलं, चमच्याने लापशी दिली. तिने थोडी खाल्ली. मग दाराकडे बघत म्हणाली, "जवाई कुठी हायेत? गाडी लावून राहिले का?"

ताईंचा भाऊ दारातच उभा होता. त्याच्याकडे न बघता ताई म्हणाल्या, "हो आई. लावून राहिले."

म्हातारी दाराकडे बघत राहिली. ताईंनी चमचा पुन्हा पुढे केला, तर तिने हाताने बाजूला सारला. "त्यायले येऊ दे. संग जेवू."

ताई तिथेच राहिल्या. मी संध्याकाळी परतले आणि रोजच्यासारखी साहेबांकडे कामाला जात राहिले. गाडी ओढून पोर्चमध्ये आणली होती, पुन्हा विटांवर. साहेब डिस्क रॉकेलने धुवायचे, पॅड सॅंडपेपरने घासायचे. जेवताना नखांत काळं असायचं. भात कालवला की भाताला रंग यायचा, तो ते खायचे. "उद्या निंगतो," म्हणायचे. मी ताट वाढायची आणि बाहेर जाऊन उभी राहायची.

कोजागिरीच्या सकाळी मला ताईंचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. "आई गेली. हे फोन उचलून नाई राहिले. यायले सांग. अन् कपाटातल्या दोन साड्या घेऊन ये."

मी गेले तेव्हा साहेब गाडीखाली होते. नुसते पाय बाहेर. मोबाईल टायरला टेकवून ठेवलेला, त्यावर तो गोरा माणूस बोलत होता. तेवढ्यात मोबाईल वाजू लागला आणि गोरा माणूस गेला. पडद्यावर ताईंच्या भावाचं नाव. गाडीखालून काळा हात आला, चाचपडला, त्याने फोन कापला. गोरा माणूस परत बोलू लागला.

मग तोच हात माझ्याकडे वळला. माझी पावलं दिसली असतील. तळवा उघडून म्हणाले, "मोठा पाना दे वं."

पाना माझ्या पायाशी पडला होता. त्या घरात मी त्यांच्याशी कधी धड वाक्य बोलले नव्हते. मी म्हटलं, "साहेब, ताईंची आई गेली. तुम्हाले बोलावलं."

हात तसाच राहिला, उघडा. बोटांच्या रेघांत काळं भरलेलं. मग बोटं हळूहळू मिटली. 

गाडीखालून आवाज आला. "मी आईले सांगतलं होतं ना, गाडीनं येतो म्हनून."

मी आत गेले, कपाटातून दोन साड्या काढल्या, पिशवीत घातल्या. बाहेर आले तर पाना जागेवर नव्हता, आणि गाडीखालून बोल्ट आवळल्याचा आवाज येत होता. मी फाटक ओढून घेतलं आणि ऑटो बघायला निघाले.